माझे मित्र म्हणतात त्याप्रमाणे

लेरविकच्या कोर्टाबाहेर, लाकडी बाकावर
हॅल्क्रोबाईंनी थर्मास उघडला
आणि पहिला कप दिला त्याला.
त्याला म्हणजे लीस्कला, गिल्बर्टच्या वकिलाला.
बाईंच्या फीसाठी मी चार मेंढ्या विकल्या होत्या
आणि त्या विचारत होत्या,
आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन कसं झालं रे?

माझ्या पोटात कालवलं.
आमच्या येल बेटावर वैर म्हणजे वैर.
गिल्बर्ट माझा सख्खा चुलतभाऊ,
पण सहा वर्षं झाली, तो दुकानात दिसला
की मी पाव न घेताच परत फिरतो.
वाद पीटच्या एका पट्ट्याचा:
दलदलीतून कापायची काळी माती,
वाळली की हिवाळाभर चुलीत जळते.
आजोबांनी कापली, म्हणून माझी.
आजोबा त्याचेही, ही अडचण.

आत गेल्यावर मात्र बाई बदलल्या.
प्रत्येक वाक्याची सुरुवात, 'माझे मित्र म्हणतात',
आणि वाक्य संपेपर्यंत
मित्राच्या हातात काही उरत नव्हतं.
तोही कमी नव्हता.
'माझ्या मैत्रिणीचा मुद्दा मला समजतो,' म्हणाला,
आणि तो मुद्दा असा उतरवून ठेवला
जशी लोकर उतरवावी, एका अंगानं, अखंड,
मेंढीला ओरखडासुद्धा न येता.

दुपारी बाई अडकल्या.
त्रेपन्न सालचा नकाशा सापडेना.
फाइल उलटी केली, सुलटी केली,
चष्मा काढला, लावला.
न्यायाधीशांनी घड्याळाकडे पाहिलं.
मी डोळे मिटून घेतले.
तेव्हा लीस्क उभा राहिला:
'मायलॉर्ड, माझी प्रत माझ्या मैत्रिणीला द्यावी.'

त्या नकाशात ओढा नेमका तिथून वाहत होता
जिथून वाहिलेला गिल्बर्टला परवडणार नव्हता.
पलीकडच्या बाकावर त्यानं टोपी चुरगाळली.
सकाळी त्या चहाच्या कपाकडे बघत
मी जे गिळलं होतं, तेच आता तो गिळत होता.
मला ते इतकं नीट कळलं
की त्याचाच राग आला.

नकाशा मिळूनही मी हरलो.

पायऱ्यांवर बाईंना म्हणालो, मुद्दाम बोचेल असं,
'मग आता जेवण मित्राबरोबर?'
'छे. शुक्रवारी त्याच्याविरुद्धच दुसरी केस आहे.'
त्यांनी छत्री उघडली. वाऱ्यानं ती लगेच उलटली.
ती सरळ करता करता म्हणाल्या,
'तो म्हणाला प्रत खरी आहे, म्हणजे मी तपासत नाही.
सव्वीस वर्षांत तपासली नाही.'
एवढं सांगितलं की पुरे, अशा थाटात त्या गेल्या.
मला पुरलं नाही.

टॉफ्टहून शेवटची बोट. वीस मिनिटांचं पाणी.
डेकवर गाड्या दोनच,
पुढे माझी, मागे त्याची.
इंजिन बंद, पण दिवे चालू;
माझ्या आरशात दोन पिवळे डोळे.
त्याची बॅटरी जुनी आहे हे मला ठाऊक,
मीच बसवून दिली होती, भांडणाआधी.
उल्स्टाला गाडी चालू होणार नाही,
खलाशी ढकलतील, धक्क्यावरचे हसतील.
दहा मिनिटं मला ते चित्र आवडलं.

मग उतरलो. त्याच्या काचेवर टिचकी मारली.
काच चार बोटं खाली आली.
'दिवे,' मी म्हणालो.

दिवे गेले. अंधारात डिझेलचा वास
आणि कुठेतरी साखळीचा खणखणाट.
'अपील करणार?' त्यानं विचारलं.
'करणार.'
त्यानं मान हलवली असावी. काच वर गेली.

सहा वर्षांत आम्ही एवढंच बोललो:
'दिवे' हे वाक्य धरलं,
तर तीन वाक्यं.